मदत हवी आहे : १:४८ चेतकची काच बसत नाही, आणि हेलिकॉप्टर शेपटीवर बसतंय

नमस्कार मंडळी,

विमानांची प्लास्टिक मॉडेलं चार-पाच केली आहेत, हेलिकॉप्टर पहिलंच (१:४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं). तेही हौसेने नाही, नड म्हणून. बाबा नौदलात होते, कुलाब्याला, नौदलाच्या हवाई तळावर, तेव्हाच्या कुंजालीत (आताचं शिक्रा). चेतकवर हात काळे केलेला माणूस. पुढच्या महिन्यात त्यांना ७५ पूर्ण होतात, त्यांना टेबलावर ठेवायला चेतक द्यायचं मनात आहे. चेतक म्हणून किट काही मिळालं नाही, म्हणून मूळ फ्रेंच अलुएट ३ चं, जुन्या साच्यातलं १:४८ किट घेतलं. आपलं चेतक म्हणजे तेच, एचएएलने परवान्यावर बनवलेलं.

आता रडगाणं.

समोरची काच, म्हणजे तो अख्खा फुगा, जागेवर बसत नाही. खालून दाबला की छताशी दीड मिलिमीटरची फट पडते, छताशी दाबला की खाली हनुवटी उघडते. दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरवर सात सेंटिमीटर, उंदीर आत जाईल! लांबी (पुट्टी) भरून फट बुजवावी तर कडेला सगळी पारदर्शक काच, लांबी दिसणार. फ्युजलाजचे (धडाचे) दोन अर्धे, फरशी आणि केबिनची मागची भिंत चिकटवून झाली आहे. सीटं, पेडल, काच अजून सुटी.

दुसरं म्हणजे, डॅशबोर्ड सुपरग्लूने चिकटवला आणि काच टेपने लावून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काचेवर आतून धुकं. महाबळेश्वर.

तिसरं, चाकांवर ठेवलं की शेपूट खाली टेकते. नाकात वजन घालायचं हे माहीत आहे, पण नाक काचेचं आहे. घालू कुठे?

आणि इंजिन. अलुएटचं इंजिन केबिनच्या मागे उघड्यावर असतं, बाबांची नजर पहिली तिथेच जाणार. किटमध्ये ते म्हणजे एक गुळगुळीत नळकांडं आहे. बाबांना हे दाखवायची लाज वाटते.

तीन आठवडे हातात आहेत. फोटो रात्री टाकतो.

---

उंटावरचा शहाणा : दुसऱ्या कंपनीचं नवीन किट घ्या. सुटलात.

पत्र्याची पेटी : वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. जुना साचा म्हणजे वाईट साचा नव्हे, फक्त तो तुमच्याकडून काम करून घेतो. एक सांगा, भिंत आणि फरशी जोडण्याआधी रंगवली होतीत का? आणि जोडताना खाचेतला रंग खरवडला होता का?

धागाकर्ता : रंगवली होती, दोन हात. खरवडला नाही. खरवडायचा असतो?

पत्र्याची पेटी : मग चोर बहुतेक तिथेच आहे. रंगाचे दोन हात आणि जुन्या साच्यामुळे कडेला आलेलं जादा प्लास्टिक, एवढ्याने फरशी मिलिमीटरभर पुढे सरकते. तिची पुढची कड काचेला आतून टेकते आणि फुगा त्या कडेवर सी-सॉसारखा डोलतो. खाली दाबलं तर वर उघडणारच.

खात्री करायची असेल तर घरातलं काजळ घ्या. फरशीच्या पुढच्या कडेला बोटाने पातळ लावा, काच हलक्या हाताने जागेवर दाबा, काढा. काचेवर आतून जिथे काळं उमटेल तिथे अडतंय. तेवढंच कानशीने घासा, पुसा, परत काजळ. चार-पाच फेऱ्या लागतील. काचेची कड अजिबात घासू नका, जे काय कमी करायचं ते फरशीचं करा. कवळी बसवताना दाताचे डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, तोच प्रकार.

आणि काच शेवटी चिकटवताना पांढरा फेविकॉल. सुकला की पारदर्शक होतो, बारीक केसाएवढी फट त्यातच भरून निघते, जास्तीचा ओल्या कापसाच्या काडीने पुसता येतो. लांबीचं नावच काढायला नको.

दीड मिलिमीटर : काचेबद्दल पेटीकाकांनी सांगितलंच आहे, मी धुकं आणि वजन घेतो.

धुकं म्हणजे सुपरग्लूची वाफ काचेवर बसून गोठलेली असते. काच बंद ठेवल्यामुळे वाफेला जायला जागा राहिली नाही. थर वरवरचाच असतो. २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल, मग गाड्यांचं रबिंग कंपाउंड सुती कापडावर. आतली बाजू गोलाकार आहे, तेव्हा पेपर पेन्सिलच्या मागच्या रबरावर गुंडाळा. शेवटी काच चकचकीत क्लिअर ॲक्रिलिकमध्ये बुडवून काढा, टिशूवर टेकवून जास्तीचं निथळू द्या, वर भांडं झाकून ठेवा, नाहीतर घरातली सगळी धूळ येऊन चिकटते. बारीक ओरखडे त्यात बुजतात.

वजन अंदाजाने टाकू नका. सोनाराचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. मागची चाकं काट्याएवढ्याच उंचीच्या पुस्तकावर ठेवा, शेपटीचं टोक काट्यावर. रोटर, इंजिन, मागचं शेपूटपंख, सगळं टेपने लावून मगच मोजा, कारण ते सगळं मागच्या बाजूला भर घालतं. समजा काटा ६ ग्रॅम दाखवतो आणि शेपूट मागच्या चाकांपासून १२ सेंटिमीटर मागे आहे. तुम्ही वजन चाकांच्या ४ सेंटिमीटर पुढे ठेवणार असाल तर ६ × १२ ÷ ४, म्हणजे १८ ग्रॅम. वर चार-पाच ग्रॅम जास्त, पुढचं चाक नीट टेकायला.

१८ ग्रॅम शिसं म्हणजे साधारण ४ सेंमी × २ सेंमीची २ मिलिमीटर जाड पट्टी. ती पुढच्या सीटांखाली आणि फरशीच्या पोटात वाटून बसते. अलुएटमध्ये पुढे तीन सीटं असतात, त्यामुळे खाली जागा बरी मिळते. मागच्या बाकाखाली टाकाल तर चाकांच्या इतकं जवळ येईल की तिप्पट शिसं लागेल. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात शिसं मिळतं. हातोडीने चपटं करा, नंतर हात साबणाने धुवा.

महत्त्वाचं : शिसं फेविकॉलने चिकटवू नका. तो काचेला चांगला, शिशाला नाही. वर्ष-दोन वर्षांत शिशावर पांढरा फुलोरा येतो, तो फुगतो आणि मॉडेल आतून उकलतं. माझं एक डकोटा विमानाचं मॉडेल असंच गेलं, कपाटात उभ्या उभ्या पोट फुटलं. अ‍ॅराल्डाइट वापरा.

तांब्याची तार : इंजिनसाठी खराब झालेला हेडफोन फोडा. आतल्या वायरीत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या जाड. पाइपांना जाड, वायरिंगला बारीक. पण सगळं करत बसू नका. एक्झॉस्टचं तोंड आतून कोरून कड कागदासारखी पातळ करा, खाली दोन-तीन पाइप वळवा, जोडांना तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) सोडा. बाकी डोळा भरून घेतो. एक्झॉस्टला निव्वळ काळा देऊ नका, जळका तपकिरी, त्यावर किंचित निळसर.

गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमानसंग्रहालय आहे, तिथे चेतक उभं आहे. कोणी जाणार असेल तर इंजिनाचे फोटो मागवा. किटच्या डब्यावरच्या चित्रावर विश्वास नको.

धागाकर्ता : काजळाने काम केलं! बायकोची डबी संपली, ती वेगळी गोष्ट. डाव्या कोपऱ्यात दोन ठिकाणी आणि पेडलच्या पाटीखाली अडत होतं. सहा फेऱ्या झाल्या. आता बोटाने नुसती ठेवली तरी काच "टक्" आवाज करून बसते. वजन २१ ग्रॅम लागलं, माझं शेपूट तुमच्या हिशोबापेक्षा जड निघालं. धुकं नव्वद टक्के गेलं, उरलेलं एका कोपऱ्यात आहे, तिथे सीटबेल्ट लटकवतोय.

पण नवीन भानगड. काल बाथरूमच्या माळ्यावर सुकायला ठेवलेलं बाबांनी पाहिलं. माळ्यावर ते गीझरचं बटण बघायला चढले होते म्हणे. ओरडले नाहीत, खूश झाले नाहीत, हातातही घेतलं नाही. चष्मा काढून एक मिनिट पाहिलं आणि म्हणाले, "पाती उलटी लावलीस. हे वरून पाहिलं तर घड्याळासारखं फिरतं, अमेरिकन नाही ते." मग म्हणाले, "आणि पात्यांना जोडणाऱ्या केबल कुठायत?"

पात्याची जाड कड पुढे येते हे मला माहीत होतं, फक्त मी ती दुसऱ्या बाजूला पुढे आणली. आता पलटवलं तर बुंध्याची खुंटी हबच्या खाचेत जात नाही. खुंटी कापून तार घालू का? आणि केबल कशाच्या करू?

तांब्याची तार : कापा. पात्यात आणि हबमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं भोक, त्यात पितळेची तार. भोक पाडायला पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल), यंत्राने पाडलंत तर प्लास्टिक वितळेल. केबलसाठी स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांचा) तुकडा मेणबत्तीच्या वर (ज्योतीत नाही) गरम करून ओढा, केसाएवढा धागा निघतो. आणि पाती लोंबलेली हवीत, सरळ नकोत. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात. गरम पाण्यात बुडवून बोटाने हलका बाक द्या.

पत्र्याची पेटी : किती बाक द्यायचा ते आता बाबांनाच विचारा. लपवायचं काय राहिलंय?

धागाकर्ता : विचारलं. पाणी गरम करायला तेच गेलेत.