आजोबांच्या वेस्ट एंड घड्याळाचे साल ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नर्मदाकाठ: आजोबांचे मनगटी घड्याळ वडिलांनी माझ्याकडे दिले आहे. तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनी आणि सोवार प्राइमा अशी अक्षरे आहेत. रविवारी वडिलांची पंच्याहत्तरी असून घड्याळ एका चौकटीत बसवून त्या चौकटीवर साल कोरायचे आहे, तरी ते कोणत्या सालचे आहे एवढेच कृपया तातडीने सांगावे.

जुनीचावी: केवळ नावावरून साल सांगता येणार नाही, कारण सोवार प्राइमा हे नाव कंपनीने अनेक दशके वापरले. सेकंदकाटा मध्यभागी आहे की सहाच्या आकड्याजवळ वेगळ्या वर्तुळात, झाकण आट्यांचे आहे की दाबाचे, आणि आतील यंत्रावर काय कोरले आहे, हे कळवावे.

काचमणी: आधी तबकडी रंगवून आणि केस (घड्याळाचे बाहेरचे कवच) पॉलिश करून घ्या. माझ्या मामांचे फाव्हर लूबा घड्याळ तसे केल्यावर अगदी नवे दिसू लागले.

जुनीचावी: कृपया तसे करू नये. रंगवलेल्या तबकडीवर मूळ अक्षरे राहत नाहीत आणि पॉलिशने झाकणावरचे अंक झिजतात, म्हणजे ओळखीचा पुरावाच नाहीसा होतो.

काचमणी: घड्याळ घरच्या समारंभात मांडायचे आहे, संग्रहालयात नव्हे.

पाणंद: आखाती देशांत वेस्ट एंडला चांगली मागणी असते. विकताना घाई करू नका.

नर्मदाकाठ: विकायचे नाही. घड्याळजींकडून झाकण उघडून घेतले, ते दाबाचे आहे. सेकंदकाटा सहाजवळ आहे. बॅलन्स चाकाच्या (यंत्रातील मागेपुढे फिरणाऱ्या चाकाच्या) मधल्या खड्यावर वीणेच्या आकाराची बारीक सोनेरी स्प्रिंग दिसते आणि काट्यांत तपकिरी पडलेला रंग भरला आहे. आता तरी साल सांगा.

जुनीचावी: ती स्प्रिंग इन्काब्लॉकची आहे. धक्क्यापासून बचाव करणारी ही रचना 1930च्या दशकात आली, म्हणून हे यंत्र त्याआधीचे नाही. काट्यांतला रंग किरणोत्सर्गी रेडियमचा असू शकतो, म्हणून तो मुळीच खरवडू नये. यंत्र बनवणाऱ्या कारखान्याची मुद्रा आणि क्रमांक बहुधा बॅलन्स चाकाखाली असतात, तिथला फोटो टाकावा. तोवर साल कोरू नये. आजोबांनी घड्याळ केव्हा घेतले, हे वडिलांना विचारले का?

नर्मदाकाठ: चौकटीचे त्यांना आधी कळू द्यायचे नाही, म्हणून आत्याला विचारते. फोटो संध्याकाळी टाकते.