क्रिएटिनिन ३.१ आले, डायलिसिस लगेच करावे लागेल का?

प्रश्न (सोलापूर):
माझ्या वडिलांना, वय ६१, जुना मधुमेह असून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) ३.१ आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) २२ आला आहे. पायांवर सूज आहे, हिमोग्लोबिनही उतरले आहे. डायलिसिस अटळ आहे का, आणि शेंगाचटणी बंद करावी का?

उत्तर १:
ईजीएफआर १५ ते २९ म्हणजे मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचा चौथा टप्पा. डायलिसिसचा निर्णय केवळ आकड्यावर होत नाही. धाप, सततची मळमळ किंवा औषधांनी न उतरणारे पोटॅशियम पाहून तो घेतात. रक्तनिर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते; मूत्रपिंड कमजोर झाले की ते कमी बनते, त्यामुळे हिमोग्लोबिन घटते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर त्या मात्र आजच थांबवा; त्यांनी मूत्रपिंडाला आणखी इजा होऊ शकते.

उत्तर २:
चटणीत मीठ भरपूर आणि शेंगदाण्यात पोटॅशियमही असते; आपल्याकडे भाकरीबरोबर ती चमचाभर कुठे राहते! प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. सूज असताना, उन्हाळा कितीही कडक असला तरी, ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये.

उत्तर ३:
माझ्या आईच्या वेळी एक गोष्ट कोणी सांगितली नाही, म्हणून लिहितो: डायलिसिससाठी हातावर करायचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) वापरण्याजोगा होण्यास अनेक आठवडे लागतात, तेव्हा कमी वापरातल्या हाताच्या शिरा आतापासूनच सुयांपासून जपा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे.