'गहाण लहाण' म्हणजे लहान गहाण का?

पाणंद
आमच्या घरात पारनेर तालुक्यातला एक मोडी कागद आहे. शके 1794, अंगिरा नाम संवत्सर, आषाढ, म्हणजे 1872. न्यू जर्सीतल्या पुतण्याला वंशावळीसाठी तो इंग्रजीत हवा होता. मथळा 'गाहाण लाहान खत'. मी आपलं 'छोट्या रकमेचं गहाणखत' असं करून पाठवून दिलं. त्याचा उलट प्रश्न : "काका, मग मोठं गहाण कुठाय?" इकडे चुलते हटून बसलेत की खापरपणजोबांची ओढ्याकाठची पट्टी गहाण नव्हे, विकलीच गेली. तर हे 'लहान' काय आहे?

रुमाल13
लहान नाही हो, लहाण. मोडी लिहिणारे न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्यात जीव अडकवत नसत. शेवटी 'मुदतीत रुपये न दिल्यास हेच खरेदीखत समजावे' अशा अर्थाचं काही आहे का? असेल तर तुम्हीही बरोबर आणि चुलतेही. मुदतीपर्यंत गहाण, मुदत टळली की खरेदी. मुंबई हायकोर्टाच्या जुन्या निकालांत हा प्रकार याच नावानं येतो.

पाणंद
आहे! 'पाच वर्सांचे वाईदियांत' रुपये आले नाहीत तर 'तकरार करणार नाही'. मी ती ओळ नेहमीची पोपटपंची समजून सोडून दिली होती.

दुडदुडी
'लहाण' हे पसायदानातल्या 'लाहो'चं भावंड. लाहणे म्हणजे मिळणे. गहाण ठेवलेलं सावकाराला 'लाहलं' की झालं लहाण. पाहा किती स्वच्छ बसतं!

गुंठाभर
फारच स्वच्छ बसतं, म्हणूनच शंका येते. उधार-उसनवार, कर्ज-बिर्ज, तसं गहाण-लहाण. यमक जुळलं, बास. प्रत्येक शब्द आळंदीहून निघालाच पाहिजे असं नाही.

दुडदुडी
नुसतं यमक असतं तर कोर्टानं त्याला वेगळा अर्थ कशाला दिला असता?

गुंठाभर
कोर्टानं अर्थ पक्षकाराकडून घेतला, व्युत्पत्ती नाही.

बेलिफ_निवृत्त
आमच्या कोर्टात सगळे 'मुदतखरेदी' म्हणत, लहाण मी पुस्तकातच पाहिला. पण मुद्दा शब्दाचा नाहीच. 1879 साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे जिल्हे धरून. त्यानंतर कागदावर 'खरेदी' लिहिलेलं असलं तरी मूळ व्यवहार गहाणाचा होता हे शेतकऱ्याला कोर्टात दाखवता येऊ लागलं. पुढे 1929 मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती आली : परत देण्याची अट त्याच दस्तात हवी, वेगळ्या चिठोऱ्यावर असली तर गहाण धरणार नाही. त्यामुळे मथळा वाचून भाषांतर करू नका, साल बघा, अट बघा. बाकी माझी आजी गहाण, खरेदी, बक्षीसपत्र सगळ्याला एकच म्हणायची : "लिहून दिली." म्हणजे गेली.

शब्दशुद्धी
भाषांतर करतोच आहोत तर मराठीतही नीट करू या. 'खत' अरबी, 'खरेदी' फारसी. 'सशर्त विक्रयलेख' म्हणायला काय हरकत आहे?

गुंठाभर
तलाठ्याकडे जाऊन विक्रयलेख मागा आणि तो काय देतो ते इथं कळवा.

शब्दशुद्धी
तलाठ्याच्या सोयीनं भाषा चालवायची म्हटलं तर 'सातबारा' हाच अभिजात शब्द ठरेल.

बेलिफ_निवृत्त
ठरला आहे.

रुमाल13
पाणंद, एक गोष्ट मघापासून टोचते आहे. खत असायचं सावकाराकडे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला, पारनेरकडेही पसरला, तेव्हा लोकांनी सावकारांच्या घरात शिरून खतंच जाळली, फाडली, कारण कुळाच्या हातात दुसरं काही नव्हतंच. रोख प्रामुख्याने मारवाडी-गुजर सावकारांवर होता. कर्ज फिटलं तर खत परत मिळे, पण बहुधा फाडून. तुमच्याकडचं फाटलेलं आहे का?

पाणंद
नाही. घडीवर जरा विरलंय, एवढंच. तळाशी साक्षीदारांखाली सहीऐवजी नांगराची निशाणी काढलीय, ती मला फार आवडते. खापरपणजोबांनी काढली असेल.

रुमाल13
पहिल्या ओळीत 'धनकोनाम', म्हणजे पैसे देणारा, आणि 'रिणकोनाम', म्हणजे घेणारा, असं असेल. कोणापुढे कोणाचं नाव आहे?

पाणंद
थांबा.

शब्दशुद्धी
तोवर एक : धनको, ऋणको हे अस्सल आपले शब्द. हे कसे टिकले बघा!

पाणंद
दोन्ही नावांचं आडनाव आमचंच, भाऊबंदच. 'बिन'च्या पुढची बापाची नावं मात्र वेगळी. मी 'धनकोनाम' ही मायन्याची फुलं समजून ओलांडली होती. खापरपणजोबा धनको आहेत. नांगर त्यांचा नाही. पट्टी विकली गेली हे खरं, पण आमची नव्हे. आमच्याकडे आली. आणि खालच्या आळीतल्यांशी आमचं अजूनही जाणं-येणं नाही, ते का, याला चुलते आजवर 'त्यांनी फसवलं' असं सांगत आले.

गुंठाभर
अरेरे. पुतण्याला काय कळवणार?

पाणंद
त्याला 'लहान नव्हे' एवढं कळवलंय. चुलत्यांचं अजून ठरलं नाही. बरं, मथळ्याला इंग्रजीत शेवटी काय लिहू?

दुडदुडी
ते होईल. पण आता तरी मान्य करा, पट्टी तुम्हाला 'लाहली'. लाहो!

आडगाव_बुद्रुक
विषय चालूच आहे तर विचारते. आमच्या एका खतात बाईच्या नावापुढे 'कोम' आणि मग पुरुषाचं नाव आहे. ही जात का? आमच्याकडे यावरून दोन तट आहेत.

बेलिफ_निवृत्त
जात नव्हे, नवरा. 'अमकी कोम तमका' म्हणजे तमक्याची बायको. काही कागदांत त्याच जागी 'मर्द' किंवा 'भ्रतार' येतं.

शब्दशुद्धी
'भ्रतार'च योग्य. भर्तृ, भर्तार, भ्रतार.

दुडदुडी
कोम हे 'कुटुंब'वरून आलं असेल का?