समलैंगिक आहे, ख्रिस्ती पण आहे. दोन्हीपैकी एक सोडावंच लागतं का?

अल्टो_आवाज

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची आज पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी २९ वर्षांची मुलगी, मला मुली आवडतात. हे साधारण पंधराव्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून देवाकडे एकच मागणं होतं की हे काढून घे. उपास केले, रात्र रात्र प्रार्थना केली, काही बदललं नाही. चर्च माझ्यासाठी नुसती घरून आलेली सवय नाहीये हे आधीच सांगते. संडेस्कूलला शिकले, मग तिथेच शिकवलं, क्वायरमध्ये अल्टो गाते, आणि बाबा गेले त्या वर्षी मला ज्याने उभं ठेवलं तो प्रभू येशूच होता, हे मी कुणाहीसमोर सांगेन. तीन वर्षं झाली, माझ्या आयुष्यात एक मुलगी आहे. ती ख्रिस्ती नाही, पण मी प्रॅक्टिसला दांडी मारली की सगळ्यात आधी तीच ओरडते मला.

आता अडचण. गेले आठ महिने मी प्रभुभोजन (प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) घेतलेलं नाही. आमच्या चर्चमध्ये ट्रे ओळीतून हातोहात पुढे जातो, त्यात छोटे छोटे पेले असतात, माझ्यापर्यंत आला की मी न घेता शेजारी सरकवते. मागच्या वेळी हात इतका थरथरला की एक पेला कलंडला, मी मान खाली घालून रुमालाने बाक पुसत राहिले, तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि माझा आवाजच फुटेना. डोक्यात एकच वचन घोळत असतं, करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, जो अयोग्य रीतीने खातो पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो.

अजून एक. बाबांचं बायबल आता माझ्याकडे आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात २६ आणि २७ वचनांखाली त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ मारलीये, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटलीये. बायकांनी बायकांशी आणि पुरुषांनी पुरुषांशी 'निसर्गाविरुद्ध' संबंध ठेवण्याला दोष देणारी ती वचनं. त्यांना माझ्याबद्दल कळलं होतं की नाही हे आता कधीच समजणार नाही.

कृपा करून नुसतं 'देव प्रीती आहे' म्हणून सोडून देऊ नका आणि नुसतं 'पश्चात्ताप कर' पण नको. या वचनांचं करायचं काय ते सांगा.

मूळभाषा

ताई, मी थिऑलॉजी शिकलोय, थोडं ग्रीक येतं, त्यामुळे वचनांचंच बोलतो.

आधी तो अकरावा अध्याय, कारण दर वेळी तुला टोचतंय ते तेच. २७ पासून वाचू नकोस, १७ पासून वाच. करिंथच्या मंडळीत काय चाललं होतं, तर खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आपापलं जेवण आधीच उरकून घ्यायचे, काही तर पिऊन झिंगायचे, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते त्याच मेजावर उपाशी राहायचे. ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल संतापलाय तो यावर. अयोग्य रीत म्हणजे ही, भावाबहिणीला उपाशी ठेवून स्वतः खाणं, म्हणून तर शेवटी तो सांगतो की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आणि २८ नीट बघ, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असं आहे तिथे. परीक्षा करून ट्रे पुढे सरकवावा असं नाहीये.

आता बाकीची. देवाने नाश केलेल्या सदोम शहराची गोष्ट उत्पत्ती १९ मध्ये आहे, तिथे गावातले पुरुष पाहुण्यांवर जबरदस्ती करायला दारात येतात. ती सामूहिक बलात्काराची गोष्ट आहे, एकमेकांना जीव लावणाऱ्या दोन माणसांची नाही. यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचं पाप म्हणून गर्व, भरपूर अन्न, ऐषाराम आणि गरिबाला हात न देणं हे सांगितलंय. लगेच पुढच्या वचनात अमंगळ कृत्यं हा शब्द येतो आणि यहूदाच्या पत्रात सदोमच्या संदर्भात लैंगिक पापाचं नाव येतं, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण अर्धवट सांगितलेलं उद्या कुणी खोडलं तर तू परत तिथेच येऊन पडशील.

करिंथकरांस पहिलं पत्र ६:९ मध्ये, देवाच्या राज्याचे वारस न होणाऱ्यांच्या यादीत जो ग्रीक शब्द आहे, आर्सेनोकोइताय, तो पौलाच्या आधी कुठल्या लिखाणात सापडलेला नाही. पुरुष आणि बिछाना असे दोन शब्द जोडलेत. पुरुषाने पुरुषाशी निजण्याला मनाई करणाऱ्या लेवीय २०:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे तो तिथून उचलला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, आणि पारंपरिक बाजूचा हा मुद्दा वजनदार आहे, मी तो हलका करणार नाही. पण नेमकं कोण अभिप्रेत आहे यावर वाद आहे. धर्मसुधारक मार्टिन लुथरने जर्मनमध्ये त्याचं भाषांतर पोरांना भ्रष्ट करणारे अशा अर्थाने केलं होतं. इंग्रजी बायबलमध्ये 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा आला १९४६ साली, रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनमध्ये, आणि १९७१ च्या आवृत्तीत त्याच मंडळींनी तो बदलला. म्हणजे तुला घाबरवणारा तो छापील शब्द पौलाच्या हातचा नाही, एवढं तरी नक्की.

रोमकरांस पत्राचं मात्र सोपं उत्तर माझ्याकडे नाही. बायकांचा उल्लेख आला असेल तर अख्ख्या बायबलमध्ये तिथेच. पौल तिथे मूर्तिपूजेत बुडालेल्या आणि वासनेने पेटलेल्या जगाचं चित्र काढतोय, तुझं घर त्या चित्रात बसतं का हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर प्रामाणिक माणसांमध्ये दुमत आहे. 'निसर्गाविरुद्ध' हे जे शब्द तो वापरतो तेच शब्द त्याच पत्रात ११:२४ ला परत येतात, आणि तिथे निसर्गाविरुद्ध काम करणारा देव आहे, रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर कलम करणारा. माझा स्वतःचा कल तुझ्या बाजूने आहे, पण तो बसायला मला दहा वर्षं लागली. रिचर्ड हेज हे नव्या कराराचे मोठे अभ्यासक, १९९६ साली त्यांनी समलैंगिक संबंधांच्या विरोधात लिहिलं होतं, आणि २०२४ साली मुलाबरोबर लिहिलेल्या पुस्तकात आपलं मत बदललंय हे उघडपणे मांडलं. हेजसारख्या माणसाला एवढा वेळ लागला तर तू आठ महिन्यांत निकाल लागायलाच पाहिजे असं का धरून बसलीयेस?

आणि बाबांच्या बायबलात ती रेघ संपते तिथून सहा वचनं पुढे जा, दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन वाच. पौलाने पहिला अध्याय ज्याच्यासाठी रचलाय तो ऐकणारा, दुसऱ्याला दोष लावणारा, तिथे पकडला जातो.

वचनावर_ठाम

बहिणी, राग मानू नकोस, पण मत्तय १९ मध्ये प्रभूने स्वतः सांगितलंय की उत्पन्नकर्त्याने सुरुवातीपासून नर आणि नारी अशी निर्माण केली. शब्दांचे कितीही अर्थ लावले तरी निर्मितीचा नमुना बदलत नाही. तुझ्यावर प्रेम आहे म्हणूनच सांगतोय, नाहीतर गप्प बसणं सोपं होतं. तुझ्यासाठी प्रार्थना करतो.

शांत_पाणी

मी ४४ वर्षांचा पुरुष, समलैंगिक, आणि एकटा राहतो. वर ठाम भाऊंनी सांगितलं तेच लग्नाबद्दल मीही मानतो, म्हणून हा रस्ता धरला. इंग्रजीत समलैंगिक ख्रिस्ती लोक आपसात साइड ए आणि साइड बी म्हणतात, ए वाले म्हणतात की दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं नातं देवाला मान्य आहे, बी वाले ब्रह्मचर्य पाळतात. मी बी. पण मी इथे तुला बी करायला आलेलो नाही. हा रस्ता कुणी दुसऱ्याने तुझ्यावर लादला तर तो तुरुंग होतो हे मी फार जवळून बघितलंय, माझा एक मित्र त्यात मोडून पडला.

मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. मी पण दोन वर्षं प्रभुभोजन टाळलं होतं, आणि तेव्हा तर माझं कुणावर प्रेमही नव्हतं, मी काही केलंही नव्हतं, फक्त मी असा आहे एवढंच पुरेसं वाटायचं. मग एकदा यशया ५६ वाचताना थांबलो. नियमशास्त्रात, अनुवाद २३:१ मध्ये, षंढाला परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव आहे, स्पष्ट शब्दांत. आणि यशया ५६ मध्ये देव त्याच माणसाला म्हणतो की मी वाळलेलं झाड आहे असं म्हणू नकोस, मी तुला माझ्या घरात मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन. ज्याला मूलबाळ होणार नाही त्याने हे वाचून बघावं काय होतं ते. पुढे प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो कूशी (आफ्रिकेतला) षंढ रथात बसून यशयाच वाचत चाललाय, रस्त्यात पाणी दिसतं आणि तो सोबतच्या सुवार्तिक फिलिप्पाला विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला काय अडचण आहे? अडचण तर लिहिलेली होती ना, अनुवादमध्ये! फिलिप्प तिचं नाव काढत नाही, दोघं पाण्यात उतरतात.

तू माझ्यापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला पोचशील कदाचित. तरी मला तू त्या मेजावर माझ्या शेजारी हवीयेस.

दोन_मुलांची_आई

बाळा, तुझी पोस्ट वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. माझा मोठा मुलगा समलैंगिक आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याने सांगितलं आणि मी काय केलं, तर त्याला 'बरं' करायला एका समुपदेशन शिबिरात घेऊन गेले. मीच घेऊन गेले, हाताला धरून. तिथे त्याला सांगितलं की तुझे वडील तुझ्याशी नीट वागले नसणार म्हणून तू असा झालास. त्याचे वडील सोन्यासारखा माणूस, बाहेर गाडीत बसून वाट बघत होते. दीड वर्ष चाललं ते. तो बदलला नाही, फक्त घरात गुणगुणायचा थांबला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की एक्सोडस इंटरनॅशनल नावाची या कामातली सगळ्यात मोठी संस्था, १९७६ पासून चाललेली, २०१३ साली त्यांनी स्वतःच बंद केली. त्यांचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी जाहीर माफी मागितली, लोकांचा कल बदलत नाही हे त्यांनी त्याआधीच कबूल केलं होतं. मी ते वाचून मुलाला फोन केला आणि मीही माफी मागितली. तो इतकंच म्हणाला, आई, तुला वाटलं मी बुडतोय म्हणून तू उडी मारलीस, पण मी बुडत नव्हतो.

@वचनावर_ठाम, भाऊ, तुमची कळकळ खोटी नाही हे मला कळतं, मी अगदी तिथेच उभी होते. फक्त एक करा, या पोरीसाठी प्रार्थना करताना तिच्याशी बोला पण, तिचं ऐका. मी दीड वर्ष प्रार्थना केली आणि एकदाही मुलाला विचारलं नाही की तुला कसं वाटतंय.

आणि बाळा, बाबांच्या रेघेबद्दल. मी पण त्याच वचनाखाली रेघ मारली होती. मुलाचं कळल्यावर मारली, रात्री, रडत, समजून घ्यायचं म्हणून. रेघ म्हणजे निकालच असतो असं नाही ग.

मूळभाषा

वर चर्चेसचा विषय आला नाही म्हणून थोडक्यात, कारण 'ख्रिस्ती धर्म हेच सांगतो' असं सरसकट कुणी म्हणालं तर माहीत असावं. चर्च ऑफ स्वीडन २००९ पासून समलिंगी विवाह लावतं, युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ साली समलैंगिक पाळकांवरची बंदी काढली. कॅथलिक शिकवण संबंधांना चूकच मानते, पण समलैंगिक माणसांना आदराने, करुणेने वागवा, अन्यायाने भेदभाव करू नका असं त्यांच्या धर्मशिक्षण ग्रंथातच आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून अशा जोडप्याला साधा आशीर्वाद द्यायची फादरना मुभा आहे, लग्नविधीसारखा नाही. बरीच चर्चेस आजही ठाम नकार देतात. ताई, तुझं यातलं कुठलं, ते तुलाच माहीत.

अल्टो_आवाज

सगळ्यांचं दोनतीनदा वाचलं. ठाम भाऊ, राग नाही मानला, खरंच.

काल बाबांचं बायबल घेऊन बसले. आजवर ते पान मी फक्त त्या रेघेपर्यंत वाचत होते. दुसऱ्या अध्यायात पण बाबांची पेन्सिल आहे, चौथ्या वचनापाशी, रेघ नाही, मार्जिनमध्ये एक छोटीशी फुली. देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेते, ते वचन. त्यांनी ती कशासाठी केली माहीत नाही. मी माझ्या मैत्रिणीला, जिच्याबद्दल वर लिहिलंय तिला, फोटो काढून पाठवला तर ती म्हणाली, तुझे बाबा पुढे वाचत गेले, तू का थांबलीस?

सगळं सुटलंय असं नाही, रोमकरांस पत्राची भीती अजून आहे. पण येत्या रविवारी प्रभुभोजन आहे आणि मी ट्रे सरकवणार नाही असं ठरवलंय. पाळकांना आधी सांगावं का? ते माणूस म्हणून बरे आहेत, लहानपणापासून ओळखतात, पण या विषयावर कधी बोललेले नाहीत.

शांत_पाणी

रविवारच्या आधी सांगायलाच हवं असं काही नाही, मेजावर यायला त्याची अट नाही. सांगायचं झालं तर आधी अंदाज घे. नाव न घेता विचार की मंडळीतल्या कुणी असं येऊन सांगितलं तर तुम्ही काय कराल, आणि ते तुमच्यापाशीच राहील का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. मी ज्यांना पहिल्यांदा सांगितलं त्यांनी प्रार्थनाविनंती म्हणून ते चार जणांना सांगितलं होतं. एकटी जाऊ नकोस, क्वायरमधली विश्वासातली कुणी असेल तर तिला बाहेर बसव.

दोन_मुलांची_आई

आणि रविवारी संध्याकाळी इथे लिही. मी वाट बघतेय.