शब्द न पाळणाऱ्या गोड माणसावर जीव जडला, तर ती मूर्ख कशी?

कोरा चहा (धागाकर्ती): आमच्या ग्रुपमधल्या एकीचा मित्र भलताच लाघवी. घरी आला की आमच्या आयांनाही जिंकतो. पण शब्द दिला म्हणजे पाळेलच असं नाही. परवा ही भरत नाट्य मंदिरच्या दारात दोन तिकिटं घेऊन उभी. तिसरी घंटा झाली तरी याचा पत्ता नाही, फोन बंद. रात्री अकराला गजरा घेऊन दारात हजर, आणि जरा वेळानं ही हसतेय! सगळे तिला मूर्ख म्हणतात. मला नाही पटत. असा माणूस सोबत असतो तेव्हा पुरता सोबत असतो. आणि आपण काय पत्करतोय हे तिला कळतंय.

तिरकस: कळतं पण वळत नाही. 1950 च्या दशकात स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर प्रयोग केले. टोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही असं असेल, तर दाणा बंद झाला तरी ते कितीतरी वेळ टोचत बसतं. गजरा रोज आला असता तर त्याचं एवढं अप्रूप राहिलं नसतं.

कृष्णाकाठ: माणसाला कबुतर ठरवलं की वाद सोपा होतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रेमातल्या अवस्थांवरून आठ नायिका सांगितल्यात, त्या अष्टनायिकांत विप्रलब्धा आहेच की! ठरल्या जागी ती थांबते, तो येत नाही. चित्रांतून ती संतापून दागिने उतरवून फेकताना दिसते. ही ओढ म्हणजे आजार नव्हे. आमचे एक काका घड्याळ लावून घरी येतात आणि जेवताना काकूशी ‘मीठ कमी आहे’ एवढंच बोलतात. असला भरवसा घेऊन करायचंय काय?

तिरकस: विप्रलब्धेनं निदान दागिने फेकले. हिनं गजरा माळला.

हिशेबी: ताई, एकच विचारा. हा ऑफिसच्या मीटिंगलाही असाच गायब असतो का? मित्रांच्या ट्रेकची गाडी चुकवतो का? नसेल, तर त्याला ‘स्वभावच तसा’ म्हणू नका. जिथे अंगाशी येतं तिथे ही मंडळी पाच मिनिटं आधी पोचतात. आणि हे फक्त पोरांपुरतं नाही हं. माझी एक मैत्रीण ‘पोचतेच’ म्हणून मला डेक्कनला ताटकळत ठेवायची. लोकांच्या लेखी ती मनस्वी आणि मी बिचारा. मुलगी ताटकळली की मात्र लगेच मूर्ख!

कोरा चहा: ऑफिसला वेळेवर जातो, खरंय. पण साहेबाला घाबरणारे आणि घरच्यांना गृहीत धरणारे आपण सगळेच. मग कुणी कुणाशी नातं ठेवायचंच नाही का?

हिशेबी: ठेवा की, खुशाल ठेवा. फक्त उद्या फ्लॅटचा विषय निघाला, तर हप्ता त्याच्या खात्यातून परस्पर कापला जाईल एवढं तिला बघायला सांगा.