शिलाईच्या दुकानासाठी खुणांची भाषा शिकायची आहे, ऑनलाइन कुठून सुरुवात करू?

सूईदोरा_विश्रामबाग

सांगलीत विश्रामबागला माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे. हल्लीच मिरजेची एक पोरगी कामाला यायला लागलीय. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हात असा सफाईदार, की जुना कटोरी ब्लाऊज नुसता उलटसुलट करून बघते आणि तसाच बेतते. पण "अस्तर आधी भिजवून घे", "हा लग्नातला आहे, आज संध्याकाळी द्यायचाय" एवढं सांगायला मला कागद-पेन लागतं, आणि लिहिलेलं तिला अर्धंच कळतं. मैत्रिणी भेटायला आल्या की मात्र सगळ्यांचे हात भराभर चालतात, हसून हसून लोळतात. मी आपली काउंटरमागे.

यूट्यूबवर बघितलं तर बहुतेक जण एका हाताने एबीसीडी करतात. ही दोन हातांनी करते. मग शिकायचं कुठलं? फुकटातलं काही असेल तर सांगा. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेवढाच वेळ मिळतो.

बाकडं

व्हॉट्सॲपवर बोललं की मराठीत टाइप होतं आता. एवढी खटपट कशाला?

कृष्णाकाठ_कराड

ताई, माझे आई-वडील दोघंही कर्णबधिर. मी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागलो, म्हणून जरा अधिकाराने सांगतो.

एका हाताची ती अमेरिकन. आपली इंडियन साइन लँग्वेज वेगळी, तिच्यात इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात. शोधताना "आयएसएल" टाकाच, नाहीतर यूट्यूब पुन्हा अमेरिकेलाच नेऊन सोडतं.

भरवशाचं ठिकाण म्हणजे दिल्लीची आयएसएलआरटीसी, केंद्र सरकारची संस्था. त्यांचा व्हिडिओ-शब्दकोश २०१८ साली ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर फुकट बघता येतो. 'साइन लर्न' हे ॲपही त्यांचंच. त्यात शब्द हिंदी किंवा इंग्रजीतून शोधायचा.

पण एकटीने बसून शब्द पाठ करू नका. मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवा, शब्द लावा आणि 'तुम्ही हे कसं करता?' असं तिलाच विचारा. खुणा गावागणिक थोड्या बदलतात. दिल्लीची आणि मिरजेची जुळली नाही, तर बिनधास्त मिरजेची घ्या. मुंढा, काज, पिको असले शब्द तर तिच्याकडूनच मिळतील.

वाक्य मराठीच्या चालीने लावू नका. वेळ आधी, प्रश्नाचा शब्द शेवटी, 'नाही' पण शेवटी. "उद्या कोण येणार?" हे 'उद्या, येणं, कोण' असं होतं. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. म्हणजे अर्धं व्याकरण चेहऱ्यावर, तेव्हा टाचण्या ओठांत धरून तिच्याशी बोलायला जाऊ नका! तिचं मशीन भिंतीकडे तोंड करून असेल तर फिरवा, तुम्ही आणि दार दोन्ही दिसायला पाहिजे. हाक मारायची तर खांद्यावर हलकेच हात, नाहीतर ट्यूब एकदा बंद-चालू.

बाकडं, माझे वडील आयुष्यभर छापखान्यात होते. तरी पेपरातल्या लांब वाक्याला अजून मला हाक मारतात. जी भाषा कानावर कधी पडलीच नाही ती टाइप करून दिली तरी परकीच राहते. निरोपापुरतं व्हॉट्सॲप ठीक आहे.

फळा_सातारा

जोडीला पीएम ई-विद्या या सरकारी शिक्षणाच्या टीव्ही चॅनेलांमधला ३१ नंबरचा बघा. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालाय, खास साइन लँग्वेजसाठी. शाळेचं जास्त असतं, पण वेग डोळ्यात बसतो. आणि त्या मुलीची दहावी राहिली असेल तर तिला सांगा, एनआयओएसमध्ये (केंद्र सरकारची मुक्त शाळा) दहावीला इंडियन साइन लँग्वेज हा विषय घेता येतो.

सूईदोरा_विश्रामबाग

मशीन भिंतीकडेच होतं, आज फिरवलं. दहावीचं तिला विचारते. एक राहिलं. गिऱ्हाइकं तिच्यासमोर उभी राहून मला विचारतात, "हिला गळा खोल नको म्हणून सांगा." तेव्हा काय करू?

कृष्णाकाठ_कराड

"तिलाच दाखवा" म्हणायचं आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. माप घेताना टेप तिच्या हातात असतो, बोट ठेवून 'इथपर्यंत' एवढं कुणालाही जमतं. बाकीला गळ्यांच्या डिझाइनचं पुस्तक तिच्या मशीनवर ठेवा.