निकाल लागला आणि घरात वाजलं: तुमचे किस्से सांगा

माळ्यावरची:
काल कसब्यातल्या घराचा माळा आवरताना आजोबांची ट्रंक निघाली, तळाशी ब्लिट्झ साप्ताहिकाचे पिवळे अंक, हात लावला की कोपरे गळतायत. नानावटी खटला, 1959: नौदलातल्या नानावटीने बायकोचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घातल्या, बचाव असा की झटापटीत गोळ्या सुटल्या. चार आण्याचा अंक तेव्हा दोन रुपयांना जायचा आणि आजोबा तो आणून आजीला मराठीत सांगायचे. ज्युरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, आठ विरुद्ध एक असं सोडलं नानावटीला, आजीने शिरा केला, आजोबा ताटावरून उठले. म्हणे झटापट झाली तर आहुजाच्या कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही? आजी म्हणाली गाठ पक्की असेल. मग आजोबांनी पंचा गुंडाळला, धाकट्या भावाला म्हणाले धर मला. दुसऱ्याच हिसक्याला पंचा खाली, आजोबा लंगोटात, आणि दारात दूधवाला. पुढे हायकोर्टाने जन्मठेप दिली तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हसत होते. 1964 ला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितबाईंनी माफी दिली, परत शिरा.
तुमच्याकडे कुठल्या निकालावरून वाजलंय?

चहाटळ:
ओजे सिम्पसन!! अमेरिकेतला फुटबॉलपटू, घटस्फोटित बायकोच्या खुनाचा आरोप, 1995 ला निर्दोष सुटला, आपल्याकडे रात्री साडेदहा. मेहुणे म्हणाले पुराव्यातला हातमोजा त्याच्या हाताला बसलाच नाही म्हणजे सुटणारच, बाबा म्हणाले भिजलेलं चामडं आटतं, माझं चपलांचं दुकान आहे मला शिकवू नका. मेहुणे त्या दिवाळीला आले नाहीत.

वकीलीणबाई:
शिवाजीनगर कोर्टातून, डबा खाता खाता. ज्युरी नानावटीमुळेच बंद झाली असं सगळे म्हणतात पण ती आधीपासूनच एकेका राज्यातून उठत होती, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात उरलीसुरली गेली. आणि सुटला म्हणजे केलं नाही असं नसतं हो, सिद्ध झालं नाही एवढंच. सासूबाईंना बारा वर्षं सांगतेय.

गुडघेदुखी:
ओंकारेश्वराच्या पुलावरून रोज सकाळी फिरायला जायचो. 20 ऑगस्ट 2013 ला गुडघ्यामुळे घरी होतो, त्याच पुलावर दाभोलकरांचा खून झाल्याचं टीव्हीवर कळलं. 10 मे 2024 ला निकाल, दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. सोसायटीच्या ग्रुपवर एक म्हणतो न्याय मिळाला, दुसरा म्हणतो सूत्रधार कुठेत, तिसऱ्याने मध्येच पाण्याच्या टँकरचं विचारलं. मी म्यूट केलं. पुलावरून अजून जातो, पण त्या ठिकाणी पाय जरा भरभर पडतात.

वकीलीणबाई:
@गुडघेदुखी 🙏 निकालाच्या दिवशी कोर्टात होते मी. नंतर लिहीन, पुकारा झाला.

पोळीभाजी:
कणीक भिजवता भिजवता वाचतेय, दूधवाल्याचं काय झालं पुढे??

माळ्यावरची:
तोवर साहेब म्हणायचा, त्यानंतर पैलवान 😂

पोळीभाजी:
😂😂 आणि ते अंक रद्दीत नका हो देऊ, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा.

चहाटळ:
पण पंचा पातळ असतो ना, टॉवेल जाड, तो घट्ट बसतो. आजींचं बरोबर होतं.

माळ्यावरची:
ये घरी, गुंडाळून दाखव. दूधवाल्याचा नातू येतो हल्ली.